अडतीस मिनिटं

(छोट्या विमानात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी.)

काका: आणि वळणं कुठेयत, डॉक्टर? अठ्ठावीस वर्षं याच दोन गावांमध्ये बस चालवली मी. डोंगराला वळसा, नदीला वळसा, मग चहाला थांबा. चारशे साठ किलोमीटर, नऊ तास.

डॉक्टर: सरळ रेषेत दोनशे दहाच भरतं, काका.

काका: म्हणजे उरलेलं अडीचशे मी उगाच हिंडत होतो?

डॉक्टर: तसं नाही हो. पट्टा थोडा सैल करू का तुमचा?

काका: राहू द्या. दोन दिवस दवाखान्यात उशाशी बसलात, आता घरापर्यंत सोडायला निघालात. दातांचा डॉक्टर डोळ्यांच्या पेशंटचं एवढं करतो होय? काही सांगायचंय का?

डॉक्टर: हो. म्हणजे, सावकाश. तिकिटावर सव्वा तास लिहिलाय. आधी चहा येऊ दे.

काका: चहा कसला? उतरायला लागलो आपण. ऐका, तेच सांगतायत.

डॉक्टर: इतक्यात?

काका: सव्वा तास दार लावल्यापासून उघडेपर्यंतचा. हवेत अडतीस मिनिटं. जाताना एकटा होतो, मोजत बसलो होतो.

डॉक्टर: काका, तुमची ठकी... म्हणजे ती आणि मी... आम्ही असं...

काका: दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावता आणि स्वतःचं उघडेना?

डॉक्टर: मला तिच्याशी लग्न करायचंय. तिलाही करायचंय. ती विमानतळावर उभी आहे, आणि उतरायच्या आत तुम्हाला विचारलं नाही तर माझी काही खैर नाही.

काका: हं.

डॉक्टर: काहीतरी बोला ना.

काका: गेल्या वर्षी म्हणाली, तिकडचा एक मुलगा आहे. मी म्हटलं, एवढ्या लांब देणार नाही. महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मग एकदम टूम काढली, बाबा, मोतीबिंदू तिकडेच काढायचा आणि विमानानेच जायचं. म्हटलं, आपल्या गावातले डोळ्यांचे डॉक्टर काय संपावर गेलेत? पण ऐकते कोण.

डॉक्टर: म्हणजे तुम्हाला कळलं होतं?

काका: जातानाच. जरा टेकतोय तोच तुमच्या गावचं तळं दिसलं. हसूच आलं. पोरीने डोळ्यांच्या नावाखाली मला अंतर दाखवायला पाठवलं होतं.

डॉक्टर: मग दोन दिवस गप्प का राहिलात?

काका: विचारायचं तुम्ही. आणि सेवा चांगली चालली होती, मी कशाला मोडता घालू?

डॉक्टर: मग... तिला हो सांगू?

काका: सांग. दार उघडलं बघ, तू हो पुढे, मी जरा बसून येतो मागून.

डॉक्टर: का? बरं वाटत नाहीये का?

काका: बरा आहे रे. लग्नानंतर तिला तिकडे सोडून मी असाच परत येणार. बस असती तर खिडकीशी बसून मनासारखं रडून घेतलं असतं. अडतीस मिनिटांत काय होणार? थोडं आत्ताच उरकून घेतो.