दुपारी दोनचं बाक

अहो, आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीतलं बाक जाता जाता कसं राहिलं, ते ऐका. रहिवाशांना आनंद मिळावा म्हणून ते काढून तिथे सेल्फी पॉइंट करायचा महापालिकेचा बेत होता. पाहणीला आलेला तरुण इंजिनिअर म्हणाला, "सर्वे किया है, यहाँ कोई बैठता ही नहीं."

मी विचारलं, "कितने बजे देखा?"

"दोपहर दो बजे."

मे महिन्यात! त्या बाकावर रोज संध्याकाळी कोण कोण बसतं, हे मी चार वर्षं डायरीत लिहितोय. ती आणून दाखवली, तर त्याने उघडलीसुद्धा नाही.

शेजारच्या सुमनकाकू गोड आवाजात म्हणाल्या, "कल शाम छह बजे चाय पीने आओ भिया."

तो आला, तेव्हा आम्ही सहा जण बाकावर खेटून बसलो होतो. काकूंनी त्याला चहा दिला, पोहे दिले, जागा मात्र दिली नाही. पाऊण तासाने तो काकुळतीने म्हणाला, "काकू, ज़रा खिसकिए ना."

"पहले फाइल में लिखो."

त्याने माझीच डायरी फाइलखाली धरून उभ्या उभ्या लिहिलं, 'यहाँ एक बेंच कम पड़ती है.'

तेव्हा कुठे काकू चार बोटं सरकल्या.