सातवी पोळी

नवी पेठेतल्या दवाखान्यात, १९७४ साली, माझ्या शेजारच्या तरुणाच्या हातात औषधाची बाटली होती. तिच्यावरच्या कागदी पट्टीत डोसांच्या खाचा सारख्या अंतरावर होत्या. शेवटचीच जरा खाली गेली होती. पलीकडे त्याची आई बसली होती.

“सोयरीक बोलायला आली आन् पोरीची आई दवाखान्यात! जोतीराम, माझ्या पुरणपोळीत काय खोट व्हती रं?”

“पोळीत न्हाय. त्या ‘चालु, चालु’ म्हणत व्हत्या.”

“म्हणून तर वाढत गेले की!”

“आई, तेलुगूत चालु म्हंजे पुरे.”

“आरं माझ्या देवा! मग सात पोळ्या खाल्ल्या कशापायी?”

“पानात टाकल्या असत्या तर तू सोयरीक मोडली असतीस.”

“मोडलीच असती. अन्न टाकणाऱ्या घरची पोरगी मला नको.”

“त्येच मी त्यास्नी आधी सांगून ठेवलं व्हतं.”

“मेल्या! हसतोस काय?”

“तू बी हसतीयास की.”

“तुपासकट खाल्ल्या रं तिनं, सातवीसुदिक!”

“व्हय. दोन वर्सं ह्या लग्नाला टाळतीयास, आता तरी व्हय म्हण.”

“जा आत. इहीणबाईंना सांग, दिवाळी झाली की लगीन. आन् पंगतीत वाढायला तुमचीच माणसं उभी करा म्हणावं.”