अंगठ्यानं दाब, सोड

छाया : हा नाय. हा तिचा आवाज नाय. परत दाब गं जुई.

जुई : किती वेळा दाबू? तेच बोलतंय.

यंत्र : नमस्कार, बालमित्रांनो! भाताची रोपे चिखलात लावण्याच्या क्रियेला पुनर्लागवड असे म्हणतात...

छाया : बंद कर ते. बंद कर.

जुई : बंद करायचं बटणच नाहीये. संपल्यावर आपोआप थांबतं. आई, आजी अशी बोलायची? आमच्या टीचरसारखी?

छाया : ती कशाला अशी बोलंल! ओ मॅडम, जरा इकडं या ना. हा भात लावणाऱ्या बाईचा पुतळा, हिचा आवाज बदलला का?

संध्या : हो, गेल्या दिवाळीत. का ताई, बटण अडकलं का? सुट्टीत मुलं फार जोरात दाबतात, नुसता धुडगूस घालतात.

छाया : बटण बरं हाय. जुना आवाज कुटं गेला? तो माझ्या आईचा होता. सुंदरा नाव तिचं. भिवपुरीच्या अंगाला आमचं गाव. तुमच्या म्युझियमचीच माणसं आलेली आवणीच्या, भात लावायच्या दिसांत. ती चिखलात वाकलेली, आणि यांनी तिच्या तोंडापुढं माईक धरलेला.

संध्या : अगं बाई! ‘ये गं बाय, भिऊ नको’ म्हणायच्या, त्या तुमच्या आई?

छाया : तुमी ऐकलाय!

संध्या : ऐकलाय म्हणजे? मी इथे लागले तेव्हा दिवसभर कानात तेच. घरी जाऊन भात कालवताना पण माझ्या तोंडात तेच यायचं, नवरा हसायचा. कशा आहेत त्या?

छाया : पौषात गेली.

संध्या : अरेरे.

छाया : त्याच्याआधी काही वर्षं खाटेवरच. लकवा मारला, वाचाच गेली तिची. ही माझी पोर तेवा पाळण्यात होती. पुढं हिनं आजीला भरवलं, तिचे केस विंचरले, सगळं केलं. पण आजीचा एक शब्द म्हणून हिच्या कानावर पडला नाय. माझ्याकडं तेवा साधा फोन. आणि मला वाटायचं, इथं खोपोलीला हाय ना आवाज भरून ठेवलेला. तो कुटं पळून जातोय? सुट्टी लागली की नेऊ पोरीला. दर मे महिन्यात काय ना काय निघायचं. याचं लगीन, त्याची हळद.

जुई : मी अजून आरशांच्या खोलीत पण नाही गेले. त्या फुग्याच्या मशीनजवळ पण नाही. आई म्हणाली, आधी आजी.

संध्या : थांबा ताई, तुम्ही धीर धरा. मशीनचं सगळं जितेश बघतो, त्याला विचारते. हॅलो, जितेश? अरे, ते भाताचं जुनं कार्ड कुठे ठेवलंस? हो, त्या मावशींच्या आवाजाचं. बघ ना जरा ड्रॉवरमध्ये. अरे, त्यांची मुलगी आलीय भिवपुरीकडून... काय? दुसरीकडे कुठे उतरवून ठेवला नव्हता? ...बरं. बरं, ठेव.

छाया : काय म्हणाला?

संध्या : ताई, कार्ड तेच आहे. त्यातला जुना आवाज पुसला आणि त्याच्यावरच नवा भरला.

छाया : पुसला? असा कसा पुसला? माझी आई बोलत होती त्यात!

संध्या : शाळांच्या सहली येतात ना, त्यांच्याबरोबरची मोठी माणसं कुरकुर करायची. मुलांच्या तोंडी गावठी बोलणं बसेल म्हणायची. मग साहेबांनी शुद्ध करून घेतलं. मी म्हटलं होतं, असू द्या, पोरांना ह्याच बाई आवडतात. माझं कोण ऐकतंय?

छाया : निदान आमाला सांगायचं तरी. न्यायला आलो असतो. फुकट नको, काय पायजे ते देऊन नेला असता.

जुई : आई, रडू नको ना. सगळे बघतायत.

छाया : बघू दे.

जुई : मी परत दाबून बघू? असं एकदम जोरात?

छाया : त्याचा काय उपयोग नाय, बाळा.

जुई : आजी पण असंच करायची ना? खाटेवर झोपून. अंगठा असा दाबायची, मग सोडायची. मग तू पंखा लावायचीस.

छाया : काय?

जुई : पंखा लावला की आजी नको नको अशी मान हलवायची. मग तू म्हणायचीस, कमी वाटतोय वाटतं, आणि फास्ट करायचीस. मग मी तिला गोधडी घालायचे.

संध्या : ताई? ताई, खाली बसा तुम्ही. हे घ्या, स्टूल घ्या. पाणी आणू?

छाया : पंखा नव्हती मागत ती.

संध्या : मग?

छाया : हे म्युझियम सुरू झालं तेवा तिला गाडीनं आणलेली इथं. मी पण होते. सगळी मोठी माणसं भाषणात, आणि ही आपली इथं उभी. बटण दाबायची, स्वतःचंच ऐकायची, तोंडाला पदर लावून हसायची. परत दाबायची. ‘छाये, मीच हाय गं ही,’ म्हणायची. घरी चल म्हटलं तरी पाय निघेना तिचा.

संध्या : म्हणजे त्या मला इथे आण म्हणत होत्या...

छाया : वाचा गेली तिची, पण इथं तिचा आवाज होता. तिला एवढंच पायजे होतं, मला तिकडं ने. आणि मी पंखा लावत बसले. भर थंडीत पण पंखा.

संध्या : कदाचित मनातल्या मनात अंगठ्याने रोपं लावत असतील हो. तुम्हाला कसं कळणार?

छाया : रोप लावणारी खाली बघते. ती माझ्या तोंडाकडं बघायची. मी तिची लेक हाय. मला नाय कळायचं तर कुनाला कळायचं? टेंपोत गादी टाकून आणली असती तिला. कितीसं लांब हाय?

जुई : आई, ती काय बोलायची ते तुला येतं ना?

छाया : येतं.

जुई : मग तू बोल.

छाया : नाय गं. माझ्यानं नाय व्हायचं. मॅडमना पाठ हाय, त्यांना सांग.

संध्या : शब्द पाठ आहेत मला, बाळा. पण माझ्या तोंडी ते तसं नाही येत. मी करून बघितलंय.

जुई : आई, हात दे. असा नाही, उघडा. हे बटण. आता मी दाबणार, मग तुला बोलावंच लागेल.

(जुई आईच्या तळहातावर अंगठा दाबते.)

छाया : ये गं बाय... ये, भिऊ नको. चिखल हाय, चावत नाय.

संध्या : देवा! ताई, तोच. अगदी तोच आवाज.

जुई : संपलं?

छाया : नाय. रोपाच्या चार काड्या घे. अंगठ्यानं दाब. सोड. बघ बरं, उभं ऱ्हायलं का नाय?

जुई : ऱ्हायलं. परत दाबू?