डोळे मिटा आधी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे त्याला वाचता येत नव्हतं. फोन बायकोच्या हातात होता.

"अगं, वाजला बघ. कारखान्यातून असेल. वाच."

"डोळे मिटा आधी. विचारतायत, सोफ्याचं कापड कापायला घेऊ का?"

"थांबा म्हणावं! मी आल्याशिवाय कात्री लावायची नाही. लिहिलंस?"

"लिहिलं. आता विचारतायत, गाडीत आधी खुर्च्या भरू की टेबलं?"

"बघ! एक दिवस नसलो तर ही तऱ्हा. माझ्यावाचून पान हलत नाही तिथे. टेबलं म्हणावं."

"लिहिलं. मिटा डोळे."

"मिटलेत गं. पण फोन बराच वेळ गप्प कसा?... हां, वाजला! काय म्हणतायत?"

"कापड कापून झालं. गाडी भरून निघालीसुद्धा."

"कापलं? मी नको म्हटलं होतं! तू लिहिलंस तरी काय?"

"दोन्हीला एकच लिहिलं. 'तुम्हीच ठरवा.'"

"माझ्या नावाने? आणि कोणी काहीच बोललं नाही?"

"बोलले ना. सगळे विचारतायत, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"