काचेतली बाहुली

"...अन् तिला म्हणे रोज दुकानाच्या काचेत बाहुली करून उभी करतात!" एवढंच कानावर पडलं अन् नळ गेला. बायका पांगल्या.

विषय आमच्या शेजारच्या प्रियंकाचा होता. तिच्या पप्पांना, म्हणजे आमच्या भाऊजींना वाटायचं, पोरगी लातुरात डॉक्टरकीच्या क्लासला जाते. ती मात्र गुपचूप कम्युनिटी कॉलेजात फॅशन मर्चंडायझिंग शिकून राहिली होती. कपडा दुकानात कसा मांडायचा, कसा विकायचा ते. हे फक्त मला ठाऊक होतं अन् मी कुणाला सांगितलं नव्हतं. बहुतेक.

मला कुठलं राहवतंय! ती ज्या दुकानात काम शिकायची, तिथं गेले. प्रियंका काचेत चढून बाहुल्यांना साड्या नेसवत होती. एक साडी तिनं स्वतःच्याच खांद्यावर टाकली होती. तेवढ्यात भाऊजी आत शिरले, प्रियंकाच्या मम्मीसाठी साडी घ्यायला. त्यांना बघताच पोरगी रस्त्याकडं तोंड फिरवून बाहुल्यांत ताठ उभी!

भाऊजी दुकानदाराला म्हणाले, "कपाटातली नको. त्या टोकाच्या बाहुलीवरचीच द्या."

मी आडवी आले. "दुसऱ्या बघा की, भाऊजी!"

"बाहुलीवर चांगलाच माल लावतात, वहिनी," म्हणत त्यांनी सरळ पदर ओढला.

"पप्पा, ही नका घेऊ," बाहुली म्हणाली. "हिचा रंग जातो. मम्मी मागच्यासारखी ओरडंल."

भाऊजींनी हातातला पदर सोडला. मग हळूच म्हणाले, "मग कोणती घेऊ?"

तिनं काढून दिलेली साडी तिच्या मम्मीला आवडली, भाऊजींनी आणलेली पहिल्यांदाच. डॉक्टरकीच्या क्लासचं नाव त्यांच्या घरात पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर मीच सगळ्यांना ठणकावलं, "रोज न्हाई उभी राहत, बाई. एकदाच राहिली!"