टोपलीत न ठेवलेलं घड्याळ

जपानमधल्या सेंदाई शहरात सोबा नूडल्सच्या दुकानापुढं रांग होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या शिझुएबाईंच्या पुढं म्हातारे सर आणि त्यांची विद्यार्थिनी, दोघेही प्रयोगशाळेतल्या सपाता घालूनच आलेले.

"सर, कच्च्या धाग्यानं बांधलेला तो इलेक्ट्रॉन! मला वाटलं, चुंबक त्याला अणूपासून तोडणारच."

"मलाही. पण भटकून, गिरक्या घेऊन आला की परत घरी!"

"किती वाजले होते तेव्हा?"

"थांब... अगं किताझावा, माझं घड्याळ बंद पडलंय!"

"म्हणजे तो परतलेला दिसताच घड्याळासकट चुंबकाकडे धावलात? आणि आम्हाला रोज घड्याळं दारातल्या टोपलीत काढून ठेवायला लावता!"

"आनंदात भान राहतं होय?"

शिझुएबाईंनी आपल्या दुकानाचं कार्ड काढायला पर्समध्ये हात घातला.

"दुरुस्त करून आणू, सर?" किताझावानं विचारलं.

"खबरदार! तो घरी आला, तीच वेळ आहे ही."

शिझुएबाईंनी हात रिकामाच बाहेर काढला.