साडूची पेन्शन

पेन्शनरांच्या रांगेत माझ्यापुढे पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या ओळखीच्या नर्सबाई उभ्या होत्या. हयातीच्या नोंदीसाठी खिडकीतल्या यंत्रावर अंगठा द्यायचा होता.

“ऐकलंत ना बाई? आता वॉर्डातून निवडून आलेल्यांनाही पेन्शन!”

“म्हणजे तुमच्या साडूंनाही?”

“त्यालाच तर! एकदा काय निवडून आला, जन्माची सोय झाली. मी आयुष्यभर खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवले, तेव्हा कुठे या रांगेत आलो.”

“तेही लोकांसाठी पळतात हो.”

“पळतो कसला! नळाला पाणी नाही आलं की शिव्या मला, आणि आलं की टाळ्या त्याला.”

“जाऊ दे ना. तुमचं काय कमी होणार आहे त्यात?”

“घरी या, म्हणजे कळेल. सकाळपासून बायकोच्या तोंडी बहिणीचंच नशीब आहे.”

“बरं, तुमचा नंबर आला. ठेवा अंगठा.”

“आजोबा, ठसा उठत नाहीये,” खिडकीतली मुलगी म्हणाली.

“उठायचा नाही, पोरी. पाना धरून धरून झिजलाय तो.”

“मग जिवंत असल्याचा दाखला आणा. वॉर्डाच्या सदस्याची सही लागेल त्यावर.”

“कुणाची?”

“अहो, तुमच्या साडूंचीच की!” नर्सबाई म्हणाल्या. “घरचेच आहेत, लगेच करतील.”

“करेल हो. वर चहा पाजेल, दारापर्यंत सोडायला येईल. तेच तर सोसवत नाही!”